फॉल सॉकरसाठी मुलाचे नाव द्यावे का? घरात आजी-आजोबा आहेत

वूस्टरकर | २३ ऑगस्ट २०२०

नमस्कार. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरच्या जवळ राहतो. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि गेली चार वर्षे गावाच्या संघातून सॉकर खेळतो. मार्चच्या मध्यावर कोविडमुळे सगळे बंद झाले, स्प्रिंगचा अख्खा हंगाम रद्द झाला, आणि आता लेबर डेनंतर (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर) सुरू होणाऱ्या फॉल हंगामाची नोंदणी क्लबने उघडली आहे. येत्या शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचे आहे.

आमची अडचण अशी की माझे आई-वडील जानेवारीत कोल्हापूरहून आले ते अजून इथेच आहेत. जूनचे परतीचे तिकीट होते; मार्चच्या अखेरीस भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली आणि ते तिकीट रद्द झाले. वंदे भारतच्या, म्हणजे परदेशात अडकलेल्यांना परत नेणाऱ्या, विमानाने पाठवायचे, तर चौदा-पंधरा तासांचा बंदिस्त प्रवास आणि पुढे मुंबईहून कोल्हापूर, हे वडिलांच्या वयाला झेपेल असे आम्हा कोणालाच वाटले नाही, म्हणून आय-५३९ अर्ज भरून मुदतवाढ मागितली आहे. वडील ७४ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजारांचा खर्च देत नाही, हे मी पॉलिसी तीनदा वाचून खात्री करून घेतले आहे.

दुसरीकडे मुलगा. मार्च ते जून त्याची शाळा पडद्यावर झाली. उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारावर चेंडू मारत असे आणि तो धप-धप आवाज ऐकत आम्ही चहा घेत असू. जुलैच्या शेवटी तो आवाज बंद झाला. विचारले तर म्हणाला, "एकट्याने काय खेळायचं?" तेव्हापासून तो फारसे बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत जागतो आणि सकाळी उठवल्याशिवाय उठत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून आमच्या गावची शाळा हायब्रिड पद्धतीने सुरू होईल, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस वर्गात आणि तीन दिवस घरी.

सौ.चे म्हणणे आहे की हे एक वर्ष सोडून द्यावे, मुलगा लहान आहे, सॉकर कुठे पळून जात नाही. मला तिचे पटते आणि पटतही नाही. ज्यांनी आपल्या मुलांना पाठवायचे ठरवले किंवा पाठवायचे नाही असे ठरवले, त्यांनी नेमका कशाकशाचा विचार केला, हे कृपया सविस्तर लिहावे.

प्लॅनोची आई | २३ ऑगस्ट २०२०

आम्ही टेक्सासमध्ये आहोत. आमच्याकडे ३१ मेपासून मुलांच्या सरावाला आणि १५ जूनपासून सामन्यांना परवानगी मिळाली, त्यामुळे तुम्ही आज ज्या उंबरठ्यावर उभे आहात तो आम्ही जूनमध्येच ओलांडला. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. आम्ही तिला पाठवले, आणि जुलैमध्ये संपूर्ण राज्यात रुग्णसंख्या उसळली तेव्हा थांबवले. त्या पाच-सहा आठवड्यांत जे पाहिले ते सांगते.

मैदानावर मुली प्रशिक्षकाचे ऐकत होत्या. बॅगा सहा-सहा फुटांवर ठेवायच्या म्हटल्यावर त्या तशा ठेवल्या जात होत्या. नियम मोडत होतो ते आम्ही पालक. दुपारी अडतीस अंश तापमान असते, सावलीला एकच तंबू, त्याखाली बर्फाच्या पेटीभोवती दहा-बारा जण खुर्च्या जवळ ओढून तास-दीड तास बसलेले, मास्क हनुवटीवर. सामना संपला की मुलींना घेऊन कुठेतरी पिझ्झा खायला जायचे, तेही आत, एसीमध्ये.

आमच्या संघातील तीन मुली एकाच आठवड्यात आजारी पडल्या. तिघीही दूरच्या एका सामन्यावरून एकाच व्हॅनमधून काचा बंद करून परतल्या होत्या. त्याच सामन्यात त्यांच्यासोबत खेळलेल्या बाकीच्या कोणाला काही झाले नाही. एका संघावरून मी सिद्धांत मांडणार नाही, परंतु तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली की कारपूल नाही आणि सामन्यानंतरचे खाणे नाही. मुलगी पुन्हा खेळू लागेल तेव्हाही हे दोन्ही बंदच राहील.

तिघी मुली आठवड्याभरात बऱ्या झाल्या. त्यांपैकी एकीच्या घरी आजी होती. ती अठरा दिवस रुग्णालयात राहून परत आली. अजून तिला जिना चढवत नाही.

डॉ. शेवंती | २४ ऑगस्ट २०२०

मी न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न मला सध्या रोज तीन-चार पालक विचारतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. तुमच्या मुलाला आणि वडिलांना मी तपासलेले नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यावर शेवटचा निर्णय घेऊ नये.

तुमच्या प्रश्नात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सोडवून घेतले तर विचार करणे सोपे जाते. पहिला म्हणजे खेळल्याने मुलाला किती धोका, आणि दुसरा म्हणजे मुलामुळे घराला किती धोका. पहिल्याचे उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. दहा वर्षांच्या निरोगी मुलांना हा आजार बहुतेक वेळा सौम्य होतो. अपवाद आहेत. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी काही थोड्या मुलांच्या अनेक अवयवांना एकाच वेळी सूज येते, ज्याला एमआयएस-सी म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची भीतीही खरी आहे. ११ ऑगस्टला बिग टेन या क्रीडागटातील विद्यापीठांनी आपला फॉलचा हंगाम पुढे ढकलला, त्यामागच्या कारणांत हीही चिंता होती. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने सांगितले आहे की संसर्ग होऊन गेलेल्या मुलाने बालरोगतज्ज्ञाने तपासल्याशिवाय मैदानावर परतू नये, आणि आजार गंभीर झाला असेल तर तीन ते सहा महिने श्रमाचा खेळ टाळावा. तुमच्या मुलाला दमा, जन्मजात हृदयविकार असे काही नसेल, तर केवळ त्याच्या प्रकृतीकडे पाहून मी त्याला घरी बसवणार नाही. उलट तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे बोलणे कमी होणे, झोपेची वेळ उलटणे, आवडीच्या गोष्टीत मन न रमणे, ही मला तितकीच काळजीची वाटतात. ती त्याच्या डॉक्टरांना जरूर सांगा, मग सॉकरचे काहीही ठरो.

आता खेळाविषयी. सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) मुलांच्या खेळासाठी धोक्याची एक चढती भाजणी सांगितली आहे. घरी एकट्याने किंवा घरच्यांसोबत सराव केला तर धोका सर्वांत कमी, संघाचा सराव त्याहून थोडा अधिक, संघातल्या संघात सामना त्याहून अधिक, मग आसपासच्या गावांशी सामने, आणि सर्वांत वर निरनिराळ्या भागांतून आलेल्या संघांच्या स्पर्धा. तुमच्या क्लबला विचारा की त्यांचा हंगाम यातील कोणत्या पायरीवर आहे. शेजारच्या गावाशी शनिवारी सकाळी सामना आणि दुसऱ्या राज्यात शनिवार-रविवारची टूर्नामेंट यांना एकच "सॉकर" हा शब्द असला, तरी धोक्याच्या दृष्टीने त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

निकटचा संपर्क म्हणजे साधारण सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटे, असे आपण आज मानतो. नऊ विरुद्ध नऊच्या सामन्यात दोन मुले चेंडूसाठी एकमेकांजवळ येतात ती काही सेकंदांसाठी, तीही उघड्या हवेत. म्हणूनच प्लॅनोच्या ताईंनी लिहिलेली व्हॅन मला महत्त्वाची वाटते. जॉर्जिया राज्यातील एका निवासी शिबिराचा अहवाल ३१ जुलैला प्रसिद्ध झाला आहे. तेथील ज्या ३४४ जणांच्या तपासणीचे निकाल मिळाले, त्यांपैकी २६० बाधित निघाले. त्या शिबिरात मुले एका खोलीत दाटीने झोपत होती, रोज मोठ्याने गात आणि घोषणा देत होती, मुलांना मास्कची सक्ती नव्हती आणि खिडक्या-दारे उघडून हवा खेळती ठेवली नव्हती. यावरून मुलांना संसर्ग होतच नाही ही समजूत तर खोटी ठरतेच, पण तो कोणत्या परिस्थितीत पसरतो हेही दिसते.

दुसरा प्रश्न कठीण आहे. जुलैमध्ये दक्षिण कोरियातील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या घरांत प्रथम आढळलेला रुग्ण १० ते १९ वर्षांचा होता, तिथे घरातील संपर्कांपैकी १८.६ टक्के बाधित आढळले, आणि जिथे तो ९ वर्षांपर्यंतचा होता, तिथे ५.३ टक्के. तेव्हा तिकडे शाळा बंद होत्या आणि घरात आधी कोण बाधित झाले हे नेहमीच नीट कळत नाही, म्हणून या आकड्यांवर फार मोठा डोलारा उभारू नये. पण तुमचा मुलगा नेमका त्या दोन गटांच्या सीमेवर आहे आणि घरात ७४ वर्षांचा मधुमेही हृदयरुग्ण आहे. मुलाला संसर्ग झाला तर तो घरात पसरण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही, हे गृहीत धरूनच ठरवावे.

एक गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. संघातील एका मुलाची चाचणी बाधित आली की उरलेल्यांना चौदा दिवस घरात वेगळे राहावे लागू शकते. म्हणजे मुलाला खेळायला पाठवण्याचे ठरवणे हे त्या चौदा दिवसांची तयारी ठेवण्याचेही ठरवणे आहे. तो कोणत्या खोलीत झोपेल, कोणते न्हाणीघर वापरेल, जेवण कोण नेऊन देईल, आणि त्या काळात आजोबांचे इन्सुलिन किंवा गोळ्या ज्या फ्रिजमध्ये वा कपाटात असतील तिथे कोण जाईल, हे आज कागदावर लिहून पाहा. ते जमण्याजोगे नसेल, तर मग मैदान कितीही सुरक्षित असले तरी उत्तर नाही असेच येईल.

आणखी एक. मुलगा आठवड्यातून दोन दिवस सहा-सहा तास बंद वर्गात बसणार आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते मान्य करून उघड्या मैदानावरचा तास-दीड तास मात्र आजी-आजोबांसाठी नाकारायचा, यात मला विसंगती वाटते. त्यांच्यासाठी कमालीची काळजी घ्यायची असेल, तर आधी शाळेचा संपूर्ण ऑनलाइन पर्याय विचारात घ्यावा आणि मग सॉकरचा.

निळा डोंगर | २४ ऑगस्ट २०२०

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. आमच्यापुढे हा निर्णय आलाच नाही, कारण राज्याने मुलांचे सामने आणि स्पर्धा अजून बंदच ठेवल्या आहेत. सहा फूट अंतर ठेवून, ठरलेल्या छोट्या गटातच फक्त सराव करता येतो. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे सुरुवातीला मला हायसे वाटले. मोठ्या मुलांचे पालक नाराज आहेत, कारण कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या नजरेत येण्याचे हेच वर्ष होते, आणि त्यांची बाजू मला समजते.

तरीही त्या अंतर ठेवून केलेल्या सरावाबद्दल सांगायला हवे. प्रत्येक मुलाला शंकूंनी आखलेला चौकोन असतो, त्यात तो आपल्याच चेंडूने खेळतो, आणि प्रशिक्षक मधोमध उभे राहून ओरडून सूचना देतात. हे कसले सॉकर, असे मला वाटले होते. मुलगा मात्र त्या चौकोनातून शेजारच्या चौकोनातल्या मित्राशी तासभर बोलत होता. घरी येताना गाडीत त्याने मला त्या मित्राच्या नव्या कुत्र्याची सगळी हकीकत ऐकवली. गेल्या आठवड्यापासून वणव्यांच्या धुरामुळे तेही बंद झाले आहे, आणि त्याचा पडलेला चेहरा पाहून मला कळले की ते किती मोठे होते. तुमच्या क्लबकडे सामने सोडून केवळ सरावाला येण्याची सोय असेल, तर ती विचारून पाहा.

कोथरूडची आजी | २५ ऑगस्ट २०२०

मी इथे सहसा फक्त वाचते. माझा नातू बोस्टनजवळ असतो, म्हणून हा धागा वाचला.

इथे पुण्यात पासष्टच्या वरच्यांनी आणि दहाच्या खालच्यांनी घरातच राहावे अशी सूचना आहे. आमच्या सोसायटीतली मुले पाच महिने गॅलरीतून एकमेकांना हाका मारत आहेत. ती पाहवत नाहीत. पण मला लिहायचे आहे ते वेगळेच. तुम्ही सगळ्यांनी आजोबांच्या साखरेचा, हृदयाचा आणि विम्याचा विचार केलात, तो योग्यच आहे. परंतु आजोबांना कोणी विचारले का, हे कुठे दिसले नाही. माझ्या मुलाने गेल्या महिन्यात मला फोनवर सांगितले की तुझ्यासाठी आम्ही हे केले नाही, ते केले नाही, आणि तू इथे यायची होतीस म्हणून छोट्याचे पोहणे बंद केले. मला फार वाईट वाटले. आपल्यामुळे नातवाचे काही थांबले हे ओझे म्हातारपणी उचलवत नाही. जो धोका आमच्यासाठी म्हणून मोजला जातो, तो मोजताना आम्हालाही जवळ बसवा. आम्ही कदाचित तुमच्यापेक्षा जास्त काळजी घेऊ, कदाचित कमी घेऊ, पण आम्हाला कळू तरी द्या.

शिट्टी आणि शंकू | २५ ऑगस्ट २०२०

वूस्टरकर, मी तुमच्याच राज्यात, उत्तरेकडच्या एका गावात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा स्वयंसेवक प्रशिक्षक आहे. माझी स्वतःची मुलगीही खेळते. येणारा हंगाम प्रत्यक्षात कसा असेल हे सांगतो, कारण बरेच पालक गेल्या वर्षीचे सॉकर डोळ्यांसमोर ठेवून ठरवत आहेत आणि या वर्षीचे सॉकर बरेच निराळे आहे.

राज्याच्या नव्या सूचनांत सॉकर हा मध्यम धोक्याचा खेळ धरला आहे आणि सामने खेळायचे तर नियम बदलावे लागतात. मुद्दाम अंगाला अंग लावायचे नाही, खांद्याने ढकलायचे नाही, घसरून चेंडू काढायचा नाही. थ्रो-इन (बाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणे) नाही, त्याऐवजी चेंडू रेषेवर ठेवून पायाने आत मारायचा, म्हणजे हात लावायची गरज उरत नाही. हेडर (डोक्याने चेंडू मारणे) नाही, तसाही अमेरिकेत दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना डोक्याच्या दुखापतीमुळे २०१६ पासूनच हेडर बंद आहे, त्यामुळे तुमच्या मुलाला हा बदल जाणवणारही नाही. मास्क लावूनच खेळायचे. पंधरा-वीस मिनिटे पळाल्यावर कापडी मास्क घामाने चिंब होतो आणि मग श्वास घेताना तोंडात ओढला जातो, म्हणून बॅगेत तीन कोरडे मास्क ठेवा आणि प्रशिक्षकांना मास्क काढून विसावा घेण्याची जागा आखून द्यायला सांगा. घरी आजच लावून पळायची सवय करा. पहिल्या दिवशी सगळी मुले तक्रार करतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकांची सवय होते, असा माझा या महिन्याच्या सरावातला अनुभव आहे.

क्लबचा कागद वाचताना मी स्वतः पालक म्हणून काही गोष्टी शोधतो. रंगीत पिनी (सरावात गट ओळखू यावेत म्हणून शर्टावर घालायच्या बंड्या) सगळ्यांत मिळून एकच जुडी आहे का? तीच घामट पिनी एका मुलाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणार असेल, तर त्या क्लबने विचारच केलेला नाही असे समजावे; आम्ही प्रत्येकाला एक गडद आणि एक फिकट शर्ट घरून आणायला सांगितले आहे. दोन सरावांच्या मध्ये वेळ मोकळा आहे का, की एक संघ निघताना दुसरा फाटकात गर्दी करतो? हजेरी लिहून ठेवतात का? कोणी आजारी पडले तर पालकांना कोण आणि किती तासांत कळवणार? आणि शेवटचे, पैसे परत मिळतात का? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. फी बुडणार म्हणून सर्दी-ताप असलेल्या मुलाला मैदानावर पाठवणारे पालक मी पाहिले आहेत. स्प्रिंगच्या हंगामाची फी एका क्लबने परत दिली नाही, तेव्हा त्या पालकांनी आमच्याकडे येऊन आधी तेच विचारले.

राज्याबाहेरच्या स्पर्धांना माझा स्पष्ट विरोध आहे. १ ऑगस्टपासून कमी धोक्याच्या यादीत नसलेल्या राज्यातून परतल्यावर चौदा दिवस विलगीकरण किंवा ७२ तासांच्या आतली चाचणी सक्तीची आहे, आणि रोड आयलंड त्या यादीतून याच महिन्यात निघाले. शेजारच्या राज्यात सकाळी जाऊन दुपारी परत येण्याची आपल्याकडची जुनी सवय या वर्षी सोडावी.

डॉ. शेवंती यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. शाळा आवश्यक आहे आणि सॉकर ऐच्छिक आहे. आवश्यक गोष्टीसाठी जो धोका पत्करला, त्यावर ऐच्छिक गोष्टीचा धोका वाढवायचा का, असा प्रश्न एखाद्या आईने विचारला तर त्यात मला विसंगती दिसत नाही. मुलाच्या वर्गातले गट आणि संघातले गट निराळे असतील, तर त्याच्या संपर्कातली माणसे दुप्पट होतात, हेही खरे आहे.

डॉ. शेवंती | २५ ऑगस्ट २०२०

प्रशिक्षकांचा मुद्दा रास्त आहे आणि मी माझे वाक्य तितके ठाम लिहायला नको होते. दोन गट वेगळे असणे ही खरी अडचण आहे. मला एवढेच सुचवायचे होते की दोन्हींचा विचार एकत्र व्हावा.

वूस्टरकर | २७ ऑगस्ट २०२०

सर्वांचे मनापासून आभार. कोथरूडच्या आजींचे विशेष, कारण त्यांचे वाचून मी लाजलो. पंधरा दिवस आम्ही दोघे दार लावून कुजबुजत चर्चा करत होतो आणि बाबांना एका शब्दाने विचारले नव्हते.

काल रात्री जेवणानंतर सगळे टेबलाभोवती बसलो. मी डॉक्टरांनी लिहिलेले आकडे मराठीत समजावून सांगितले. बाबांनी शांतपणे ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला की हे लोक कोणत्या फॉर्मेशनने खेळतात. ते शिवाजी पेठेत वाढले. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहायला ते शाळा बुडवून जात, आणि फुटबॉल म्हटले की त्यांच्या आवाजात वेगळाच जोर येतो. मग म्हणाले, "पोराला खेळू दे. मी त्याच्यापासून लांब राहीन, ते माझं काम. त्यानं मैदानावर लांब राहायचं, ते त्याचं." आईला ते इतके सोपे वाटले नाही. ती म्हणाली की तुम्हाला काही झाले तर मी परक्या देशात कोणत्या भाषेत कोणाला काय सांगू, आणि यावर आमच्यापैकी कोणाकडेच चटकन उत्तर नव्हते. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

शेवटी जे ठरले त्यात आईच्या अटी सर्वांत जास्त आहेत. तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली आणि तिथले न्हाणीघर फक्त आई-बाबांचे. मुलगा मैदानावरून आला की गॅरेजमध्येच बूट आणि शिनगार्ड काढणार, वर जाऊन अंघोळ करणार आणि मगच खाली येणार. हंगाम चालू असेपर्यंत आजोबांसोबतचे जेवण मागच्या डेकवर, थंडी पडली तर वेगवेगळ्या वेळी. राज्याच्या रंगीत नकाशावर आमच्या गावाचा रंग लाल झाला, म्हणजे लाखामागे रोजचे सरासरी रुग्ण आठच्या वर गेले, की त्या आठवड्यापासून सराव बंद, आणि त्यावर पुन्हा वाद घालायचा नाही. कारपूल अजिबात नाही. सौ.ने होकार दिला तो या शेवटच्या दोन अटींवर.

क्लबला पिनी आणि परताव्याबद्दल लिहिले आहे. पिनीचे उत्तर आले, परताव्याचे अजून नाही. ते आले की अर्ज भरेन.

वूस्टरकर | २५ ऑक्टोबर २०२०

दोघा-तिघांनी निरोप पाठवून पुढे काय झाले असे विचारले, म्हणून लिहितो आहे.

परताव्याचे उत्तर शेवटच्या दिवशी आले, अर्धी फी परत मिळेल असे, आणि आम्ही नाव दिले. आतापर्यंत सहा सामने झाले. मधल्या काळात विरुद्ध संघातील एका मुलाच्या घरी रुग्ण आढळला म्हणून एक सामना रद्द झाला, आणि आमचा मुलगा त्यांच्याशी खेळलेला नसतानाही आईने पाच दिवस त्याला आपल्या खोलीच्या आसपास फिरकू दिले नाही. तिला कोणी अडवले नाही.

पायाने आत मारायच्या चेंडूची मुलांना इतकी गोडी लागली आहे की कॉर्नरसारखे त्याचे डाव बसवले जातात. अंगाला अंग लावायचे नाही म्हटल्यावर माझ्या मुलासारख्या किरकोळ अंगाच्या मुलाला चेंडूवर दोन क्षण जास्त मिळू लागले, आणि त्याने या हंगामात दोन गोल केले. बाबा प्रत्येक सामन्याला येतात. मैदानाच्या कडेच्या वाहनतळात गाडी कुंपणाला लावतो, ते मागच्या सीटवर कानटोपी घालून काच चार बोटे खाली करून बसतात, आणि मध्यंतरात मुलगा कुंपणापर्यंत धावत येऊन दहा-बारा फुटांवर थांबतो. बाबा त्याला तिथून ओरडून सांगतात की डावी बाजू मोकळी आहे. गॅरेजच्या दारावरचा आवाज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत आला.

परवा, २३ तारखेच्या संध्याकाळपासून राज्याने बर्फावरच्या हॉकीची बंदिस्त मैदाने दोन आठवड्यांसाठी बंद केली. हॉकीशी जोडलेले किमान तीस समूह-संसर्ग आणि १०८ बाधित असे कारण दिले आहे. फ्लोरिडात जूनमध्ये झालेल्या एका हॉकी सामन्याचा अहवालही नुकताच वाचला. एका खेळाडूपासून सुरुवात होऊन इतर २१ खेळाडूंपैकी १४ जण पाच दिवसांत आजारी पडले. ती बंद, थंड जागा होती आणि इथे उघडे आकाश आहे, हा फरक मी स्वतःला समजावतो; तरीही रोजचे आकडे चढत आहेत आणि आईने टेबलावर नकाशाचा छापील कागद आणून ठेवला आहे.

आज क्लबकडून हिवाळ्यातल्या इनडोअर सॉकरची नोंदणी उघडल्याचा ईमेल आला. तो मी मुलाला आणि बाबांना एकत्रच दाखवला. मुलाने वाचला, आजोबांकडे पाहिले आणि "स्प्रिंगमध्ये बघू" म्हणून फोन मला परत दिला. हंगामाचे दोन सामने उरले आहेत.